मक्याच्या शेतातली लेखनशाळा

गाणे शिकायला गुरू लागतो, कुस्तीला वस्ताद लागतो आणि सुतारकाम शिकायचे तर मेस्त्रीच्या हाताखाली चार वर्षे रंधा मारावा लागतो. हे कुणी नाकारीत नाही. पण गोष्ट लिहायलाही शिकावे लागते असे म्हटले, की चारचौघांत हसे होते. कवी हा जन्मावा लागतो, तो घडवता येत नाही, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. शाळेत आम्ही मास्तर लोक निबंध शिकवतो खरे; परंतु निबंध शिकवणे म्हणजे लिहायला शिकवणे नव्हे, हे मुलांना कळते आणि आम्हालाही कळते.

मग ज्या देशात लिहिणे हा विषय विद्यापीठात लावला गेला, तिथे काय झाले? तिथल्या विद्यार्थ्याचा दिवस कसा जात असे? आणि आपल्या मराठी माणसाचा त्या शाळेशी काही संबंध आला काय? फराळाच्या ताटाशेजारी हा अंक उघडून बसलेल्या वाचकांना ही हकीकत सांगावी, असे बरेच दिवस मनात होते.

अमेरिकेत शिकागो शहराच्या पश्चिमेला सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर आयोवा सिटी नावाचे गाव आहे. त्याला शहर म्हणायचे ते नावापुरते. जवळून आयोवा नदी वाहते आणि गावाबाहेर पडले की क्षितिजापर्यंत मकाच मका. आपल्याकडे भात, तसा तिकडे मका. डुकरे पाळणारे, घोडे राखणारे, घाम गाळणारे शेतकरी तिथले रहिवासी. साहित्याची राजधानी व्हावी असे त्या मुलखात काहीच नव्हते. पण 1922 साली तिथल्या विद्यापीठाने एक धाडस केले. वरच्या पदवीसाठी प्रबंधाऐवजी कथासंग्रह, कवितासंग्रह किंवा नाटक दिले तरी चालेल, असा नियम केला. अमेरिकेतल्या विद्यापीठांत ही पहिलीच गोष्ट. पुढे 1936 साली विल्बर श्राम ह्या प्राध्यापकांनी ह्या सगळ्या खटपटीला एका वर्गाचे रूप दिले. त्याला त्यांनी नाव दिले ‘रायटर्स वर्कशॉप’, म्हणजे लेखकांचा कारखाना. हे नाव मला फार आवडते. कारखान्यात करवत असते, भुसा पडतो, बोटाला खिळा लागतो. देवघरातली शांतता तिथे नसते.

1941 साली ह्या कारखान्याची सूत्रे पॉल एंगल ह्या कवीकडे आली. हा गृहस्थ त्याच मुलखातला. 1908 साली जवळच्या सीडर रॅपिड्स गावी जन्मलेला, घोडे शिकवणाऱ्या बापाचा मुलगा. लहानपणी त्याने रस्त्यावर वर्तमानपत्रे विकली. पुढे शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डला जाऊन आला. त्याची कविता आज फारशी कुणी वाचत नाही. परंतु दुसऱ्याच्या लेखनासाठी पदर पसरणारा असा माणूस क्वचितच झाला असेल. कपडे धुण्याची यंत्रे विकणारे मेटॅग, ओट विकणारे क्वेकर ओट्‌स, अशा कारखानदारांच्या दारांत जाऊन तो म्हणे, तुमच्या राज्यात मका पिकतो तसे लेखकही पिकवू या, द्या पैसे. आणि ते देत! आपल्याकडे देवळाच्या जीर्णोद्धाराची पावतीपुस्तके घेऊन गावचे पुढारी मुंबईकर चाकरमान्यांकडे जातात. एंगलचा उद्योग त्याच जातीचा होता.

1945 सालच्या शरद ऋतूत ह्या एंगलच्या खोलीत एक वीस वर्षांची मुलगी आली. दूर दक्षिणेकडच्या जॉर्जिया राज्यातली. वर्तमानपत्राचा व्यवसाय शिकण्यासाठी शिष्यवृत्ती घेऊन ती विद्यापीठात दाखल झाली होती. ती काहीतरी बोलली. एंगलला काही कळले नाही. पुन्हा बोलली, पुन्हा कळले नाही. इंग्रजीच ती, पण जॉर्जियाच्या खेड्याकडची, इतकी हेलाची, की आयोवाच्या माणसाला ती परकी वाटावी. शेवटी त्याने कागद पुढे केला आणि म्हणाला, लिहून दाखव. तिने लिहिले, की आपले नाव फ्लॅनरी ओकॉनर, आपण वार्ताहर नव्हे, आपल्याला लेखकांच्या वर्गात येता येईल काय? तिच्या काही कथा वाचल्यावर एंगलने तिला वर्गात घेतले. ही मुलगी पुढे विसाव्या शतकातल्या अमेरिकन कथेतल्या मोठ्या नावांपैकी एक ठरली.

कोकणातल्या माणसाला ह्या प्रसंगाचे मर्म लगेच कळेल. मुंबईच्या शाळेत पहिल्या दिवशी ‘माका’ आणि ‘खंय’ म्हणाल्यावर वर्गात जो हशा पिकतो, तो ज्याने ऐकला असेल त्याला जॉर्जियाची ती मुलगी परकी वाटणार नाही. एंगलचे मोठेपण असे, की बोली कळली नाही म्हणून त्याने मुलीला परत पाठवले नाही.

फ्लॅनरीचा दिवस कसा जाई? मुलींच्या वसतिगृहात तिची खोली होती. सकाळी उठून ती सेंट मेरीच्या चर्चमध्ये प्रार्थनेला जाई, अगदी नित्यनेमाने. घरापासून इतक्या दूर ती प्रथमच आलेली. आईला ती रोज पत्र लिही आणि आईचेही रोज येई. मग लेखन. दुपारी वर्ग. तो भरे नदीकाठच्या बराकींत. युद्ध नुकतेच संपलेले. सैन्यासाठी उभारलेल्या पत्र्याच्या त्या बराकी, थंडीत गारठणाऱ्या आणि उन्हाळ्यात भट्टीसारख्या तापणाऱ्या. समोर बसलेले विद्यार्थी बहुतेक लढाईवरून परतलेले जवान. सरकारी मदतीवर शिकायला आलेले, मरण जवळून पाहिलेले. त्यांच्यात ही अबोल, चष्मिष्ट मुलगी मागे बसे, आणि तिची कथा वाचायची वेळ आली की तिचे उच्चार कुणाला कळत नसल्याने कधी शिक्षकच ती वाचून दाखवीत. संध्याकाळी खोलीवर परत, आणि पुन्हा तीच कथा नव्याने लिहिणे.

1946 च्या जानेवारीपासून तिने एका साध्या शाळकरी वहीत देवाला पत्रे लिहावीत तशा प्रार्थना लिहून ठेवल्या. त्यांत आपल्याला चांगली लेखिका कर, अशी याचना आहे, आणि आपण मोठेपणाच्या हावेने तर लिहीत नाही ना, ही टोचणीही. ती वही तिच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी, 2013 साली छापली गेली. 1946 मध्येच तिची पहिली कथा एका मासिकात आली. 1947 साली सहा कथांचा संग्रह हाच प्रबंध म्हणून देऊन तिने पदवी घेतली. 1964 साली, एकोणचाळिसाव्या वर्षी, दीर्घ दुखण्याने ती वारली. तोवर तिने जे लिहिले ते सगळे तिच्या जॉर्जियाच्या मातीतले आणि तिथल्या माणसांच्या तोंडच्या बोलीतले होते. आयोवाने तिचा हेल पुसला नाही, हा त्या शाळेचा सर्वांत मोठा गुण मी मानतो.

त्या वर्गात शिकवीत तरी काय? एक रीत तिथे रुजली आणि पुढे जगभर गेली. विद्यार्थ्याने आपल्या कथेच्या प्रती आधी सर्वांना द्यायच्या. वर्गात सगळे ती वाचून येत. मग चर्चा सुरू होई आणि चर्चा चालू असेतोवर लेखकाने तोंड उघडायचे नाही. ‘मला असे म्हणायचे होते’ हे वाक्य तिथे बाद. नियम कठोर वाटतो, पण त्यात शहाणपण आहे. पुस्तक वाचकाच्या हाती जाते तेव्हा लेखक काही बरोबर जात नाही. कागदावर जे उतरले नाही ते वाचकापुरते नाहीच. हे ज्याला वर्गात एकदा सोसावे लागले, तो पुढच्या वेळी वाक्य जपून लिहितो.

परंतु ह्या रीतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दहा माणसांना पटेल असे लिहायचे म्हटले की लेखनाचे कोपरे झिजतात. सगळ्यांच्या कथा एकाच कारखान्यातून निघालेल्या खुर्च्यांसारख्या दिसू लागतात, हा आक्षेप आयोवावर वारंवार घेतला गेला, आणि तो अगदीच खोटा नाही. 1970 नंतरच्या दशकात तिथे सँड्रा सिस्नेरोस नावाची मुलगी शिकत होती. शिकागोच्या गरीब वस्तीत वाढलेली, मेक्सिकन बापाची. एके दिवशी वर्गात ‘घर’ ह्या कल्पनेवर चर्चा चालली होती. घराचा माळा, घराचे तळघर, बालपणीच्या घरातली गूढ शांतता, अशा गोष्टी फ्रेंच तत्त्वज्ञाचे पुस्तक पुढे ठेवून सगळे बोलत होते. सँड्राला एकाएकी जाणवले, की अशा घरात आपण राहिलोच नाही. आपले घर म्हणजे भाड्याची खोली, गर्दी, फुटकी नळजोडणी, पावलोपावली बदललेला पत्ता. तिला आधी लाज वाटली, मग राग आला. आणि मग लक्षात आले, की ह्या वर्गातल्या कुणालाही जे लिहिता येणार नाही ते नेमके हेच. त्या रागातून तिने जे लिहायला घेतले त्यातून 1984 साली ‘द हाऊस ऑन मँगो स्ट्रीट’ हे छोटेसे पुस्तक तयार झाले. आज ते अमेरिकेतल्या असंख्य शाळांत वाचले जाते. म्हणजे शाळेने जे शिकवले त्याहून, शाळेत आपण कुठे बसत नाही हे कळले, त्यानेच ती लेखिका झाली. शिकवण्याचा हाही एक प्रकार; मास्तरांच्या नकळत घडणारा.

1967 साली ह्या गावात दुसरी शाळा निघाली. तिच्यामागे एंगलइतकाच वाटा हुआलिंग न्ये ह्या चिनी लेखिकेचा. चीनमधून तैवानला आणि तिथून आयोवाला आलेल्या ह्या बाईंनी एकदा तळ्यावर होडीतून फिरताना एंगलला सुचवले, की जगभरच्या लेखकांना इथे बोलवावे. हे खूळ आहे, असे तो प्रथम म्हणाला आणि मग त्याच खुळाला लागला. ‘इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्राम’ उभा राहिला. पुढे ह्या दोघांचा विवाहही झाला. दीडशेहून अधिक देशांतले दीड हजारांवर लेखक आजवर तिथे राहून गेले. तुर्कस्तानचे ओर्हान पामुक 1985 साली, कोरियाच्या हान कांग 1998 साली आणि चीनचे मो यान 2004 साली तिथे होते. तिघांनाही पुढे नोबेल पारितोषिक मिळाले.

इतिहास सांगायचा तर सगळाच सांगावा. हा काळ अमेरिका-रशिया शीतयुद्धाचा. परदेशी लेखकांनी अमेरिकेबद्दल चांगले मत घेऊन जावे, हा हेतू पैसा देणाऱ्यांच्या मनात होताच. सुरुवातीच्या देणग्यांत फारफील्ड फाउंडेशन नावाच्या एका संस्थेची देणगी होती, आणि ह्या संस्थेमागे अमेरिकन गुप्तहेर खात्याचा पैसा होता हे पुढे उघड झाले. राजाश्रय कुठलाही असो, त्याला काही वास असतोच. मात्र ज्यांना बोलावले ते लेखक पढवलेले पोपट नव्हते. ते आपल्याच मनासारखे लिहून परत गेले.

भारतातून तिथे पोचलेल्या आरंभीच्या लेखकांत बंगालीतले सुनील गंगोपाध्याय होते. 1963 साली, म्हणजे ही दुसरी शाळा निघण्याच्याही आधी, एंगलच्याच निमंत्रणावरून ते गेले. तिथे राहण्याची सोय होऊ शकली असती. पण बंगालीत लिहायचे तर बंगालीच्या गजबजाटात राहिले पाहिजे, असे ठरवून ते कलकत्त्याला परतले.

मराठीतून गेले ते दिलीप चित्रे. 1938 साली बडोद्यास जन्मलेले चित्रे 1954 साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, अरुण कोलटकर व रमेश समर्थ ह्यांच्यासह ‘शब्द’ हे अनियतकालिक काढून बसलेले. पुढे तीन वर्षे इथिओपियात मास्तरकी केलेले. 1975 साली ते आयोवाला गेले आणि 1977 पर्यंत तिथे राहिले. इकडे स्वदेशात आणीबाणी होती, नेमकी तीच दोन वर्षे. त्या काळी पाहुण्या लेखकांचा मुक्काम नदीकाठच्या ‘मेफ्लॉवर’ नावाच्या उंच इमारतीत असे. एका मजल्यावर चाळीसारखी शेजारी शेजारी दारे. एका दारामागे पोलंडचा कवी, दुसऱ्यामागे इंडोनेशियाचा, तिसऱ्यामागे आपला बडोदे-मुंबईचा. अट एकच, की लिहावे. हजेरी नाही, परीक्षा नाही. त्याच विद्यापीठात भाषांतराचीही कार्यशाळा चाले; ती चालवणारे डॅनियल वाइसबोर्ट स्वतः जगभरची कविता इंग्रजीत आणण्याच्या कामात मुरलेले.

चित्र्यांच्या झोळीत मात्र तेव्हाही तुकाराम होता. तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेण्याचा नाद त्यांना विद्यार्थिदशेपासून लागलेला. ते काम कितीतरी वर्षे चालले आणि 1991 साली ‘सेज तुका’ हे पुस्तक बाहेर आले. 1994 साली साहित्य अकादमीने त्यांना एकदम दोन पुरस्कार दिले: एक मराठी कवितेसाठी, दुसरा ह्या भाषांतरासाठी. हे श्रेय आयोवाचे असे मी म्हणणार नाही, देहूचे आहे. परंतु ज्या गावी प्रत्येक दाराआड निराळी भाषा राबत होती, त्या गावी दोन वर्षे काढलेल्या माणसाला आपल्या भाषेतले सर्वांत मोठे धन कोणते, हा प्रश्न अधिक तीव्रतेने पडला असेल, इतके म्हणायला हरकत नाही. 2009 साली पुण्यात चित्रे वारले.

नांदगावच्या तिठ्यावरून देवगडकडे जो रस्ता फुटतो, त्या बाजूच्या धालवलीचे विंदा करंदीकरही 1967-68 साली फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेला जाऊन आले. पण विंदांची कविता घडली ती कोकणात, कोल्हापुरात आणि मुंबईत. तेव्हा साहजिकच प्रश्न येतो, की आपल्याकडे लेखनाची शाळा नव्हतीच काय?

होती, पाटी लावलेली नव्हती, एवढेच. ‘मौज’ आणि ‘सत्यकथा’च्या कचेरीत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन ह्यांनी नवख्या लेखकांना पाठवलेली पत्रे म्हणजे टपालाने चाललेला वर्गच होता. कथा परत येई ती नुसती साभार नव्हे, तर कुठे सैल पडली आहे, शेवट कुठे ओढून आणला आहे, हे सांगणाऱ्या मजकुरासह. 1982 साली ‘सत्यकथा’ बंद पडले आणि तो वर्ग मोडला. त्याच्याही आधी शिरोड्याला वि. स. खांडेकर होते. 1920 पासून 1938 पर्यंत ह्या माणसाने तिथे शाळा चालवली आणि 1930 साली पहिली कादंबरी प्रसिद्ध केली. दिवसा फळा, रात्री कंदील. आणि ज्या दिवाळी अंकाच्या प्रथेमुळे आपण आज इथे भेटतो आहोत, ती 1909 साली ‘मनोरंजन’च्या अंकाने सुरू करणारे का. र. मित्र, हेही आपल्याच मुलखातले आजगावकर. बंगालीच्या प्रेमाने ‘मित्र’ झालेले.

पण ह्या सर्वांहून जुनी आपली लेखनशाळा म्हणजे दशावतार. आयोवाच्या कारखान्याची आणि दशावताराची तुलना ऐकून कुणी हसेल, तर हसो. जत्रांचे दिवस सुरू झाले की मंडळी पेटारा घेऊन गावोगाव निघते. हाती लिहिलेले नाटक नसते. आज कोणते आख्यान लावायचे ते ठरते, कुणी कोणते सोंग घ्यायचे ते ठरते, जाणता माणूस प्रसंगांचा क्रम सांगतो आणि बस्स. रात्री देवळासमोर गॅसबत्तीच्या, आणि पुढे विजेच्या उजेडात संवाद जागच्या जागी जन्म घेतात. नवा पोरगा पहिल्या वर्षी दोन वाक्यांचा सेवक होतो. त्याच्या वाक्यावर म्हातारा नट जे उत्तर टाकतो त्यातून तो शिकतो. जमले नाही तर समोरची हजार माणसे लगेच सांगतात. इथेही ‘मला असे म्हणायचे होते’ हे वाक्य चालत नाही. एक फरक मात्र मोठा. त्यांचे कागदावर उतरले आणि राहिले. आमचे पहाटेच्या दहीकाल्याबरोबर संपले. किती थोर संवाद अशा रीतीने हवेत विरून गेले असतील, ह्याची मोजदाद कोण करणार? 1980 साली गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळींनी मालवणी बोली मुंबईच्या नाट्यगृहांत उभी केली, तेव्हा कुठे आपल्याकडच्या पुष्कळांना कळले, की आपण घरात जे बोलतो त्याला तिकीट लावून माणसे ऐकायला येतात.

आयोवाच्या कहाणीचा शेवटचा भाग मुलांचा आहे. 2008 सालापासून त्या दुसऱ्या शाळेने उन्हाळ्यात कुमारवयाच्या मुलामुलींसाठी एक वर्ग चालवला. ‘बिट्‌वीन द लाइन्स’ असे त्याचे नाव. अरब देशांतली, रशियातली, अमेरिकेतली मुले दोन आठवडे एकत्र राहत. एका वेळी सगळ्यांनी मिळून जगातले साहित्य वाचायचे, दुसऱ्या वेळी लिहायला बसायचे, संध्याकाळी एकमेकांना वाचून दाखवायचे. त्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती गोष्ट अशी, की लेखनाचा वर्ग ज्याच्या त्याच्या भाषेत चाले. अरबी मुलगी अरबीत लिही, रशियन मुलगा रशियनमध्ये. इंग्रजीच्या माहेरघरी जाऊनही मायबोली दाराबाहेर काढून ठेवावी लागत नसे. 2025 सालच्या फेब्रुवारीच्या अखेरीस अमेरिकन सरकारने ह्या शाळेचे अनुदान तोडले आणि हा उन्हाळी वर्ग बंद करावा लागला. मोठ्या लेखकांचा कार्यक्रम लहान प्रमाणावर चालू राहिला; मुलांचा गेला. काटकसरीची कुऱ्हाड बहुधा लहानांच्याच डोक्यावर आधी पडते, मग देश कोणताही असो.

सतरा वर्षे चाललेली ही गोष्ट आपल्यापासून फार दूरची म्हणून सोडून द्यावी काय? मला तसे वाटत नाही. आपल्या शाळांतली मुले ‘पावसाळ्यातील एक दिवस’ लिहितात तेव्हा सगळ्यांच्या निबंधात मोर नाचतो. मार्गदर्शिकेतला तो मोर. आपल्या पावसात चिखल असतो, उडी मारणारा कुर्ला असतो, गळक्या कौलाखाली ठेवलेले पातेले असते, तरव्याची लावणी असते. त्यातले काही वहीत येत नाही, कारण ते लिहिण्याजोगे आहे असे मुलांना कुणी सांगितलेले नसते. ‘आजयेन माका सांगल्यान’ अशी सुरुवात एखाद्या मुलाने केली, की आपली लाल शाई आधी धावते आणि आजीने काय सांगितले ते तसेच राहून जाते.

त्याला विमानाचे तिकीट नको, विद्यापीठ नको आणि अनुदानही नको. आठवड्यातली एक तासिका, दहा मुले, एकाने लिहिलेले सर्वांनी ऐकायचे, आणि लिहिणाऱ्याने तेवढा वेळ गप्प बसायचे. शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी. सुटीत घरी आलेल्या नातवंडांना दिवाळीच्या ह्या चार दिवसांतही हे करता येईल. करंज्या संपल्यावर पोरांना ओटीवर बसवावे, प्रत्येकाच्या हाती एकेक कागद द्यावा आणि आपल्या घराबद्दल लिहा म्हणावे. पुस्तकातल्या नव्हे, ह्याच घराबद्दल. ज्या शब्दाला मराठीच्या पुस्तकात जागा नाही तोही चालेल, असे आधीच सांगून ठेवावे.